बंदुकीचे स्थळ

आपल्याकडे साध्या माणसाचा बंदुकीशी संबंध येतो तो जत्रेत. पाळणा आणि भेळेची गाडी यांच्या अधेमधे कुठेतरी एक लाकडी फळा उभा असतो, त्यावर तांबडे-पिवळे फुगे ओळीने टाचलेले असतात आणि पुढच्या टेबलावर दोन बंदुका आडव्या पडलेल्या असतात. फळेवाला नळी मधोमध मोडल्यासारखी वाकवतो, तिच्या बुडात एक शिशाचा छर्रा बोटाने दाबतो, नळी खटकन सरळ करतो आणि बंदूक आपल्या हाती देतो. नेम ज्या फुग्यावर धरावा त्याच्या शेजारचा फुटतो, हे जत्रेतल्या प्रत्येक पोराला ठाऊक असते; म्हणून शहाणी पोरे आधी एक छर्रा वाया घालवून बंदुकीची खोड ओळखून घेतात.

या बंदुकीत दारू नसते, काडतूस नसते, हवेची टाकीही नसते. एक जाडजूड स्प्रिंग असते आणि तिच्यापुढे एक दट्ट्या. नळी वाकवली की स्प्रिंग आवळली जाते, चाप ओढला की ती सुटते, दट्ट्या पुढे धावतो, त्याच्यापुढची हवा दाबली जाते आणि ती दाबलेली हवा छऱ्याला नळीबाहेर ढकलते. सायकलचा पंप एकदाच, पण फार रागाने मारावा, तसे हे काम. दिसायला इतके सोपे यंत्र विकत घेताना माणसाचा किती कस लागतो, हे मला गेल्या वर्षी कळले.

विषय निघाला धाकट्या बहिणीमुळे. कोल्हापुरात राहणाऱ्या मुलीने नेमबाजीचे वेड घेणे यात नवल नाही. तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकला जगज्जेती झाली ती इथलीच. राही सरनोबतही इथलीच. आणि 2024 साली पॅरिसला स्वप्नील कुसळेने ब्राँझपदक मिळवले तेव्हा राधानगरीकडच्या त्याच्या कांबळवाडीचे नाव देशभर झाले. या तिघांची पदके वेगळ्या, काडतुसांच्या शस्त्रांची आहेत हे खरे. पण नव्या मुलामुलींना पहिल्यांदा उभे करतात ते 10 मीटरच्या हवाई बंदुकीसमोर. बहीण क्लबात जाऊ लागली. तिथल्या बंदुका आधुनिक, हवेची टाकी लावलेल्या. किंमत लाखांच्या घरात. बारा मुलांत तीन बंदुका. म्हणजे आठवड्यात तिच्या वाट्याला धड दोन तास येईनात. दिवाळीनंतर जिल्ह्याच्या निवड-चाचण्या होत्या आणि त्यात मागे पडणाऱ्यांनी पुढच्या वर्षी यावे, असा क्लबाचा नियम होता. पुढच्या वर्षी तिची बारावी. बारावीच्या वर्षी आमच्या घरात कॅरमसुद्धा माळ्यावर जातो, मग बंदुकीची काय कथा! तेव्हा यंदा नाही तर कधीच नाही, असा एकूण मामला होता. क्लबाचे सर म्हणाले, ‘‘घरी सरावाला एखादी स्प्रिंगची बघा. पण बघून घ्या.’’

आईने भिशीचे बारा हजार रुपये काढून दिले. वडिलांनी कायद्याची चौकशी केली. 2016 च्या शस्त्रनियमांप्रमाणे 0.177 इंचापर्यंतचा, म्हणजे साडेचार मिलिमीटरचा छर्रा आणि 20 ज्यूलपर्यंतची ऊर्जा, एवढ्या मर्यादेतल्या हवाई बंदुकीला परवाना लागत नाही. त्याच्या वर गेलात की लागतो. सरकारचा प्रश्न सुटला. राहिली आजी. ती म्हणाली, ‘‘आणायची तर आणा. पर उंबऱ्याच्या आत न्हाई. आणि एक जरी पाखरू पडलं, तर त्या दिवशी ह्या घरात चूल पेटायची न्हाई.’’

स्थळे बघायला मी, बहीण आणि मामा असे तिघे निघालो. मामांनी उद्यमनगरात तीस वर्षे लेथ चालवला. बंदुकीतले त्यांना काही कळत नव्हते. पण लोखंड, स्प्रिंग आणि वॉशर यांच्याविषयी त्यांचे मत कुणी ओलांडत नसे. मी कला शाखेचा, मराठी विषयाचा विद्यार्थी. माझे काम वाचून माहिती पुरवण्याचे.

पहिले स्थळ दुकानातले, अगदी नवे कोरे. काळा प्लॅस्टिकचा दस्ता, वर दुर्बीण, आणि खोक्यावर भल्यामोठ्या आकड्यांत लिहिलेले: सेकंदाला 1000 फूट. दुकानदार तो आकडा हुंडा सांगावा तसा सांगत होता. आमच्या शेजारी विज्ञान शाखेचा एक मित्र राहतो. त्याने आदल्या रात्रीच मला वहीवर गणित करून दिले होते, म्हणून मी छऱ्याचे वजन विचारले. दुकानदाराने एक अगदी हलकी जात दाखवली, एक तृतीयांश ग्रॅमच्या आसपासची. इथेच सगळी मेख असते. छर्रा हलका घेतला की वेग फुगतो. तीच बंदूक, तीच ताकद, पण नेहमीचा अर्ध्या ग्रॅमहून थोडा जास्त वजनाचा छर्रा घातला तर हजाराचे आठशे फूट होतात. बंदुकीची कुवत वेगात सांगायची नसते, ऊर्जेत सांगायची असते. आणि कायदाही ज्यूलच विचारतो, फूट विचारत नाही. शिवाय दहा मीटरवरच्या कागदाला भोक पाडायला असली धाव हवी कशाला?

पण ते स्थळ मोडले ते गणिताने नव्हे. मामा बहिणीला म्हणाले, ‘‘नळी वाकवून दाव.’’ तिने वाकवली. दुसऱ्यांदा वाकवली. आठव्या वेळेला तिचे दोन्ही हात थरथरू लागले आणि दुकानदाराने प्रेमाने पाणी आणून दिले. स्पर्धेत गोळ्या असतात 60. पूर्वी मुलींना 40 असत. 2018 पासून त्यांनाही मुलांइतक्याच आहेत. साठ वेळा एवढी स्प्रिंग दाबायची आणि प्रत्येक वेळी लगेच हात स्थिर ठेवून नेम धरायचा, हे पैलवानाचे काम. जास्त ताकद म्हणजे जाड स्प्रिंग, जाड स्प्रिंग म्हणजे जास्त कष्ट आणि जास्त धक्का. हे सोपे त्रैराशिक खोक्यावर कुठेच छापलेले नसते.

धक्क्याविषयी इथेच सांगतो, कारण सगळी निवड त्याच्यावर ठरली. रंकाळ्यात एक लहान होडी उभी आहे अशी कल्पना करा. मागच्या टोकाला एक जाडा माणूस बसला आहे. तो एकदम उठून पुढच्या टोकाकडे पळत सुटला तर होडी मागे सरते. आणि तो पुढच्या फळीवर जाऊन आदळला की होडी पुढे हिसका खाते. स्प्रिंगच्या बंदुकीत दट्ट्या हा तो जाडा माणूस. चाप ओढल्यावर बंदूक आधी मागे येते, मग पुढे उसळते, आणि हे सारे क्षणाच्या लहानशा भागात. घोटाळा असा, की छर्रा या धांदलीतच नळीतून वाट काढत असतो. काडतुसाच्या बंदुकीत गोळी फार लवकर निघून जाते. इथे छऱ्याला सुटायला त्या मानाने वेळ लागतो. तेवढ्यात बंदूक जशी हलेल तशी छऱ्याची दिशा ठरते. म्हणून ती घट्ट आवळून धरली तर नेम बिघडतो. डावा तळहात नुसता टेकू म्हणून खाली द्यायचा, खांद्याला हलकेच लावायची आणि तिला हवी तशी हलू द्यायची; फक्त प्रत्येक वेळी सारखीच. छर्रा सुटल्यावरही क्षणभर तसेच उभे राहायचे. या दुहेरी हिसक्याने साध्या दुर्बिणीसुद्धा खिळखिळ्या होतात, तर माणसाच्या धीराचे काय!

युरोपातल्या कारागिरांनी या जाड्या माणसावर फार डोके खाजवले आहे. जर्मनीतल्या डायना कंपनीने दोन दट्टे बसवले, एक पुढे धावणारा आणि एक मागे. दोघे एकाच वेळी उलट दिशांना पळाले की होडी जागच्या जागी राहते. फाइनवेर्कबाउ कंपनीने दुसरी युक्ती काढली: बंदुकीचे यंत्र दस्त्यामध्ये रुळांवर बसवले, म्हणजे चाप ओढल्यावर यंत्र आतल्या आत मागे सरकते आणि नेमबाजाच्या खांद्याला कळतही नाही. या बंदुकांनी 1960 नंतरची पंधरा-वीस वर्षे दहा मीटरच्या स्पर्धा गाजवल्या. 1984 साली लॉस एंजलिसला हा प्रकार ऑलिंपिकमध्ये आला तोवर स्प्रिंगचा काळ सरत आला होता. पुढे दाबलेल्या हवेने तिची जागा घेतली. अभिनव बिंद्राने 2008 साली बीजिंगला सुवर्णपदक मिळवले ते याच दहा मीटरमध्ये, पण स्प्रिंगशिवाय.

असल्या धक्का नसलेल्या बंदुका आम्हांला फक्त चित्रात पाहायला मिळाल्या. आमचे दुसरे स्थळ गावठाणातले होते. जत्रेत फुग्यांचा फळा लावणाऱ्या एका गृहस्थाला धंदा आवरायचा होता. त्याच्याकडे इंडियन ह्यूम पाइप कंपनीची एक जुनी बंदूक होती. होय, तीच सिमेंटच्या नळांची कंपनी, वालचंद हिराचंदांनी 1926 साली काढलेली. तिने एकेकाळी हवाई बंदुकाही बनवल्या. पाण्याचे नळ आणि बंदुकीची नळी यांत काय अंतर, असे कुणाला वाटले असेल कोण जाणे. बंदूक मात्र पाहताक्षणी आवडावी अशी. लाकडी दस्ता, कुठे प्लॅस्टिकचे नाव नाही, वजनाला भारदस्त.

मामांनी तपासणी सुरू केली ती मला अजून डोळ्यांपुढे दिसते. आधी नळी वाकवून तशीच धरली आणि बिजागरीपाशी आडवी हलवली. ती डगमगली. मग वाकवलेल्या नळीच्या बुडाशी पांढरा कागद धरला, टोकाकडून डोळा लावला आणि आतल्या पेचदार खाचा पाहिल्या. पुष्कळशा गंजाने भरलेल्या होत्या. मग स्प्रिंग आवळताना कान लावून ऐकले. आतून खरवडल्यासारखा आवाज आला. बिजागरी डगमगली की दर छऱ्याला नळी वेगळ्या जागी बसते, आणि मग नेमबाज कितीही चांगला असो, उपयोग शून्य. काही जातींत नळी वाकवावीच लागत नाही. खाली किंवा बाजूला एक दांडा असतो, तो ओढायचा, नळी कायम ताठ. बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कंपनीची एअरस्पोर्टर ही 1948 सालची बंदूक त्या जातीची. पण ती इथे कुठली मिळायला!

‘‘कंपनीनं चांगली केलती,’’ मामा बंदूक खाली ठेवत म्हणाले, ‘‘जत्रेनं खाल्ली.’’

फळेवाल्याला राग आला नाही. त्याने आम्हांला चहा पाजला आणि राजारामपुरीतल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांचे नाव सांगितले. त्यांच्याकडे एक ‘विलायती’ आहे म्हणाला; पण दोन दलाल ती बघून परत गेले आहेत. का, तर ती डुप्लिकेट आहे.

डॉक्टर ऐंशीच्या पुढचे. तरुणपणी शिकायला इंग्लंडला गेले होते, तिथून त्यांनी ती आणलेली. कपाटातून एका जुन्या धोतराच्या पानात गुंडाळलेली बंदूक बाहेर निघाली. लांब, सडपातळ, बीचच्या लाकडाचा दस्ता. वजन अडीच किलोच्या आसपास. दलालांच्या नकाराचे कारणही दिसले. त्यांना डायना हवी होती. आणि या बंदुकीवर डायनाचे नाव नव्हते. नुसते कोरले होते: ‘ओरिजिनल, मॉडेल 27, मेड इन जर्मनी’. स्वतःला असली म्हणवणारी वस्तू नकली असते, हा आपल्या बाजारपेठेचा अनुभव. त्यामुळे दलालांना मी दोष देत नाही.

पण वाचनालयातले माझे आठ दिवस इथे उपयोगी पडले. राश्टाट गावी 1890 साली निघालेल्या त्या जर्मन कारखान्याची खूण म्हणजे मृगयेची देवता डायना. धनुष्यबाण टाकून देऊन तिने हवाई बंदूक डोक्यावर उंच धरली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्याची यंत्रसामग्री आणि डायना हे नाव ब्रिटिशांकडे गेले. स्कॉटलंडमधली मिलब्रो कंपनी त्या नावाने बंदुका काढू लागली. जर्मनांनी काही वर्षांनी पुन्हा काम सुरू केले, तेव्हा इंग्लंडात त्यांना स्वतःचेच नाव वापरता येईना. म्हणून त्यांनी तिकडे विकायच्या मालावर शब्द कोरला, ‘ओरिजिनल’. नाव त्यांना परत मिळाले ते 1984 च्या सुमारास. म्हणजे त्या काळातल्या इंग्लंडात डायना लिहिलेली बंदूक स्कॉटलंडची, आणि डायना न लिहिलेली ती खरी राश्टाटची! मागच्या बाजूला बारीक अक्षरांत महिना आणि साल ठोकलेले होते: 6, 67. मी हे सांगितले तेव्हा डॉक्टर मिश्किल हसले. त्यांना सगळे माहीत होते. ‘‘दलालांना कशाला सांगू? त्यांना द्यायचीच नव्हती.’’

मामांनी नळी वाकवली. बिजागरी घट्ट. नळी आतून आरशासारखी. आवाजात खरवड नाही, पण छर्रा घालून मागच्या अंगणातल्या मातीच्या ढिगावर मारला तर धड बाहेर पडला नाही. जेमतेम मातीवर जाऊन टेकला. मामांचा चेहरा खुलला. ‘‘वॉशर वाळलाय. बाकी सगळं जिवंत हाय.’’ बहिणीने वाकवून पाहिली, दहा वेळा, वीस वेळा. हात थरथरले नाहीत. ही जात मुळात सौम्य. ताजी असतानासुद्धा ऊर्जा नव्या बंदुकीच्या निम्म्याच्या आसपास. चापामध्ये पोलादाच्या तीन बारीक गोळ्या बसवलेल्या असतात, त्यामुळे तो लोण्यासारखा सुटतो. मामा त्या गोळ्यांची रचना कळल्यावर बंदूक ठेवायलाच तयार होईनात.

मग डॉक्टरांनी बहिणीला जवळ बोलावले आणि विचारले, ‘‘हिनं काय मारणार तू?’’

‘‘अर्धा मिलिमीटर,’’ ती म्हणाली.

दहा मीटरच्या कागदावर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. टोकदार पेन्सिल टेकवावी एवढा. डॉक्टर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी सलीम अलींची गोष्ट काढली. मुंबईच्या खेतवाडीत वाढणाऱ्या त्या पोरक्या मुलाला मामांनी खेळण्यातली हवाई बंदूक दिली. तिने त्याने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग निघाला. ही कुठली जात म्हणून मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्डसाहेबांकडे धाडले, आणि तिथे पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटे पाहून मुलाचे आयुष्यच बदलले. 1985 साली आलेल्या त्यांच्या आत्मचरित्राच्या नावातही ती चिमणी आहे. ‘‘ही गोष्ट सगळे सांगतात,’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘आणि छऱ्याची बंदूक घेणारा प्रत्येक बाप मला हीच सांगतो. पण पडलेल्या चिमणीची चौकशी करायला जाणारा मुलगा एकच निघाला. बाकीच्यांनी नुसत्या चिमण्या पाडल्या. मीही त्यातलाच. म्हणून विचारतो.’’

किंमत त्यांनी अकरा हजार सांगितली आणि एक रुपया सोडला नाही. मामांनी घासाघीस करून पाहिली. ‘‘निवृत्त झालो म्हणजे धर्मशाळा उघडली असं नव्हे,’’ डॉक्टर म्हणाले आणि पैसे दोनदा मोजून घेतले. पावती मात्र आपणहून लिहून दिली, नंबर, साल आणि दोघांच्या पत्त्यांसह.

पुढचे काम मामांचे. स्प्रिंगची बंदूक उघडणे म्हणजे पेटीतला साप बाहेर काढणे. आतली स्प्रिंग थोडीशी आवळलेलीच असते, ती सोडताना तोंड समोर ठेवायचे नसते. मामांनी लाकडाचा शिकंजा बनवला, लेथवर धरून सावकाश सोडली. दट्ट्याच्या तोंडाशी चामड्याची वाटी होती, सुकून लाकूड झालेली. चामड्यासाठी ते चप्पल लाइनीत ओळखीच्या कारागिराकडे गेले. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेले, कोल्हापुरी चपलेचे चामडे. ते भिजवून, साच्यात दाबून, दोन दिवस सावलीत वाळवून वाटी बनवली आणि तेलात मुरवली. पहिल्या काही छऱ्यांना नळीतून धूर आला. आतले जास्तीचे तेल दाबलेल्या हवेच्या उष्णतेने जळते, त्याचा तो. पंधराव्या छऱ्याला धूर थांबला. मामांनी तीन कानमंत्र दिले: छर्रा नसताना चाप ओढायचा नाही, कारण समोर अडवायला काही नसले की दट्ट्या थेट भिंतीवर आपटतो, स्प्रिंग आवळून ठेवून जेवायला जायचे नाही, आणि शिसे हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय भाकरीला शिवायचे नाही.

पहिल्या दिवशी बहिणीने दहा छर्रे मारले. सगळे ठिपक्याच्या खाली डावीकडे, पण एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील असे एकत्र. मामांनी मागची खाच दोन वेढे फिरवली. आता अडचण राहिली आहे ती जागेची. मागच्या दारापासून गोठ्याच्या भिंतीपर्यंत, जिथे वाळूचे पोते लावून त्यावर कागद टाचतो, टेपाने मोजले तर साडेनऊ मीटरच भरतात. उरलेल्या अर्ध्या मीटरसाठी तिला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत उभे राहावे लागते. आजीने पहिल्या दिवशी हरकत घेतली, दुसऱ्या दिवशी नळी उंबऱ्याबाहेर असते हे स्वतः वाकून पाहिले, आणि आता एवढेच म्हणते, की भाकऱ्या थापत असताना सराव नको, तव्यावर धूळ उडते. त्यामुळे संध्याकाळच्या साठ गोळ्या भाकऱ्यांच्या आधी उरकाव्या लागतात. काल बावन्न झाल्या होत्या, तेवढ्यात आजीने परात घेतली.